नत्थूभाऊंनी मोजलेला वारा

नत्थूभाऊ वाडीभस्मे कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर चपला काढत आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच दिवा बंद करत. बसायची खुर्ची ते त्यानंतर चाचपडत शोधत.

मी आसगावच्या हायस्कूलवर मराठी शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याही घरातली ट्यूबलाइट बंद केली. दुपारचे तीन वाजले होते. भिंतीला भिंत लागून शेजार होता, पण ओळख व्हायची होती. मला वाटलं, घरमालकाचा माणूस असेल, काही दुरुस्तीला आला असेल.

"मॅडम, घराले खिडकी कायले बनवतात?" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"उजेडासाठी," मी म्हणाले.

"मंग येऊ द्या ना त्याले आत."

आणि त्यांनी स्वतःच खिडकी उघडली. उजेडाच्या आधी त्यांच्याच घरची कोंबडी आत आली, ही गोष्ट वेगळी.

वीज कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं लाईनमन म्हणून काढली होती. गाव त्यांना वायरमनभाऊ म्हणायचं. अंगानं काटकुळे, हात मात्र गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. रस्त्यानं चालताना नजर तारांवर असायची, त्यामुळे पाय कधी शेणात तर कधी नालीत. यमुनाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या, "गावातले सगळे तार पाठ आहेत यायले. गड्डा मात्र एक माहीत नाही."

दिव्यांच्या बाबतीत त्यांना आपलं-परकं नव्हतं. कोंढ्याला एका लग्नात मांडवाच्या रोषणाईच्या निम्म्या माळा त्यांनी जाऊन बंद केल्या. नवरीचा बाप धावत आला. नत्थूभाऊ शांतपणे म्हणाले, "नवरी दिसून राहिली ना? मंग झालं." ती दिसत होती हे खरंच होतं. पण त्यानंतर त्या घरच्या कुठल्याही कार्याला नत्थूभाऊंना बोलावणं आलं की निरोप्या सोबत हळूच सांगायचा, "जेवून लगेच निघून जा म्हणते."

महिन्यातून एकदा, विजेची बिलं वाटली गेली की, रामटेकेंच्या चहाटपरीवर त्यांचं निरूपण असे. दुसरा शब्दच नाही त्याला. कोणाचंही एक बिल हातात घ्यायचं, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि ओळीओळीनं अर्थ सांगायचा.

"स्थिर आकार. म्हणजे काय? तू घरी नाही, दिवा लावला नाही, पंखा लावला नाही, तरी हा आपल्या जागी स्थिर. घरजावयासारखा. वहन आकार. म्हणजे वीज तिकडून चालत येते ना, तिचं तिकीट. इंधन समायोजन. हे समायोजन म्हणजे कोळसा महाग झाला की आपण समजून घ्यायचं. आपल्याले महागाई झाली तं कोळशानं समजून घेतल्याचं मी अजून पाहिलो नाही."

माणसं हसत. मग वाद सुरू होई. विजेचा दर हा आमच्या गावात धानाच्या भावाइतकाच जुना वाद. रोवणीच्या दिवसांत मोटारपंपाला वीज कधी येईल आणि आली तर किती वेळ राहील, यावर बांध्यांतल्या धानाचं भवितव्य ठरतं. त्यामुळे या विषयावर मत नसलेला माणूस पंचक्रोशीत सापडणं कठीण. पण नत्थूभाऊंचं मत सगळ्यांहून निराळं होतं. ते पवनचक्कीवाले होते.

त्याला कारण झालं होतं. नोकरीत असताना एकदा वादळानं साताऱ्याकडच्या लाईनी पाडल्या आणि मदतीला राज्यभरातून माणसं पाठवली, त्यात हेही गेले. तिथल्या पठारावर त्यांनी पवनचक्क्या पाहिल्या, आणि परत आले ते वारं प्यायलेलेच.

"मॅडम, उलटा पंखा पाहिलो मी," ते मला सांगत. "आपला पंखा वीज खाते अन् हवा देते. थो पंखा हवा खाते अन् वीज देते! ना कोळसा, ना राख, ना धूर. विदर्भात कोळसा आपण जाळतो, राख आपण खातो, अन् बिल भरतानी आपल्याले काही सवलत आहे का? हवा तं कोणाच्या बापाची नाही. सरकारनं पैसा लावाव तं तिथं लावाव."

टपरीवर त्यांचा हक्काचा विरोधक म्हणजे सदाशिवराव भुरे. दोघं एका वर्गात शिकले, एकाच वर्षी नापास झाले, आणि तेव्हापासून एकमेकांचं काहीही मान्य करत नसत. गावाच्या उत्तरेला एक पहाडी आहे. पहाडी हा शब्द आम्ही जरा उदारपणे वापरतो. नवखा माणूस तिच्यावरून चालून जाईल आणि पलीकडे पोचल्यावर विचारेल, पहाडी कुठं आहे. तिच्या उतारावर सदाशिवरावांची चार एकर बरड जमीन होती. तुरीशिवाय तिथं काही होत नसे.

"पवनचक्की ढग पळवते," सदाशिवराव ठासून सांगायचे. "तिकडे चक्क्या लागल्या अन् पाणी बंद झालं. एवढाले पाते! ढग थांबन कायले?"

"ढगाले काय पंखा लागते का बे? थो वर, चक्की खाली."

"तू गेलता का वर पाहाले?"

"मी बत्तीस वर्षं वरच होतो!"

हा वाद मी कमीत कमी पन्नासदा ऐकला असेल. एकदाही कोणाचं मत तसूभर हललं नाही, आणि दोघांपैकी एकजण आजारी पडला तर दुसऱ्याला टपरीवर चहा गोड लागत नसे.

एका वर्षी दरवाढीचा प्रस्ताव आला आणि नागपूरला त्यावर जनसुनावणी ठरली. कोणीही जाऊन आपलं म्हणणं मांडावं, अशी जाहिरात पेपरात आली होती. ती कोणी मनावर घेत नाही. नत्थूभाऊंनी घेतली. मला म्हणाले, "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे. लिहून द्या." मी दोन पानांचं निवेदन लिहून दिलं. माझ्या मते ते फार उत्तम उतरलं होतं. तीन दिवस त्यांनी ते यमुनाबाईंसमोर उभं राहून वाचलं. यमुनाबाई तांदूळ निवडत ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "'महोदय' जरा हळू म्हणा, भांडण वाटते."

मलाही नागपूरला काम होतं, म्हणून सोबत गेले. सभागृहात थंडगार एसी, जाड पडदे, ओळीनं दिवे. कारखानदारांचे वकील झाले, ग्राहक संघटनांचे लोक झाले, जेवण झालं, आणि समोरच्या साहेबांच्या पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा नत्थूभाऊंचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपाशी गेले. माझं निवेदन त्यांच्या खिशात होतं. ते तिथंच राहिलं.

"सायेब, बाहेर लख्ख ऊन आहे. पडदे लावून आत येवढे दिवे कायले?"

सभागृह जागं झालं. अध्यक्षांनी हसू दाबून विचारलं, "आपण कोणत्या संस्थेकडून आलात?"

"मी खांबाकडून आलो जी. बत्तीस वर्षं त्याच्यावर होतो."

आता हसू कोणी दाबलं नाही. तीन मिनिटं ठरलेली असताना त्यांना पाच मिळाली. बिलाचं निरूपण झालं, कोळसा झाला, राख झाली, आणि शेवटी ते पवनचक्कीवर आले. आमच्याकडे वाऱ्यावर पैसा का लावत नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पलीकडच्या टेबलावरून एक तरुण अधिकारी उठला. अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, प्रश्न चांगला आहे. पण पवनचक्कीला सतत आणि पुरेसा वारा लागतो. तुमच्या गावात वारा किती आहे? मोजलाय का कोणी?"

 "नाही जी," नत्थूभाऊ म्हणाले, आणि नमस्कार करून जागेवर येऊन बसले.

परतीच्या बसमध्ये उमरेडपर्यंत ते खिडकीबाहेरच्या तारा बघत होते. मी समजूत घालायला म्हटलं, "तुमच्यावर सगळे खूश होते." त्यांनी मान हलवली. "हासत होते मॅडम. पण थो पोट्टा बरोबर बोलला. मोजल्याबिगर बोललो मी."

पुढल्याच आठवड्यात यमुनाबाई जेवायला वाढायला बसल्या आणि त्यांना वरणासाठी वाट्या सापडेनात. लग्नात आलेल्या, नाव कोरलेल्या चार स्टीलच्या वाट्या सायकलच्या चाकाच्या तुंब्याला जोडून परसात एका बांबूवर गरागरा फिरत होत्या. म्हणजे फिरवल्यावर फिरत होत्या. "वाऱ्यानं फिरन ना हळूहळू," नत्थूभाऊ म्हणाले. यमुनाबाईंनी त्या दिवशी वरण थेट भातावर वाढलं आणि दोन दिवस अबोला धरला.

पुढे नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकानं, आधी पोट धरून हसून आणि मग मनापासून, वारा मोजायचं एक जुनं खरं यंत्र त्यांना वापरायला दिलं. सरपंचाला सांगून ते त्यांनी पहाडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बसवलं. वाट्या घरी परत आल्या. त्यांना पडलेली भोकं मात्र तशीच राहिली. मी शाळेतली एक दोनशे पानी वही त्यांना दिली. त्यांनी वरचे रकाने प्रामाणिकपणे भरले. नाव: नत्थू वाडीभस्मे. इयत्ता: रिटायर. विषय: वारा.

सकाळी, दुपारी आणि सांजच्याला, दिवसातून तीनदा हा माणूस पहाडी चढायचा. उन्हात डोक्याला दुपट्टा, पावसात घोंगडी. गावातल्या बाया शेतात जाता-जाता विचारत, "का भाऊ, भेटली का हवा?" आजारी माणसाची चौकशी करावी तशी मीही रोज भिंतीवरून विचारत असे, "नत्थूभाऊ, वारा कसा आहे?"

"बरा आहे," ते म्हणत.

पहिलं वर्ष 'बरा आहे'. दुसरं वर्ष 'बरा आहे'. टपरीवर सदाशिवरावांनी खोदून विचारलं तर 'मोजून राहिलो' एवढंच. मग एका रविवारी वही घेऊन ते माझ्या ओसरीवर आले. सरासरी काढायची होती. मी मराठीची असले तरी सरासरीपुरतं गणित मला येतं. आम्ही दोघांनी मिळून महिन्यामागून महिने बेरजा केल्या. प्राध्यापकांनी एका कागदावर लिहून दिलं होतं, चक्की परवडायला वारा किती लागतो ते. मी तो कागद वहीशेजारी ठेवला आणि आकडे पुन्हा ताडून पाहिले.

"नत्थूभाऊ, हे फार कमी आहे ना?"

"थंडीत कमीच रायते."

"पण उन्हाळ्याचंही कमीच दिसतंय."

"उन्हाळ्यात वादळ येते ना."

"वादळात चक्की बंद ठेवतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं."

त्यांनी वही मिटली. तिच्यावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "अजून एक वर्ष मोजू. टपरीवर नका सांगू मॅडम." मी नाही सांगितलं. प्रेमात पडलेल्या माणसाला त्याच्या पत्रिकेतला दोष कोणी सांगावा?

तिसरं वर्ष सरत आलं आणि निवडणूक लागली. यावेळी सगळा प्रचार विजेवरच होता. एक उमेदवार फुकट युनिट देणार होता. दुसऱ्यानं त्याच्या वरताण केली. तो आमच्या पहाडीवर पवनचक्क्या आणणार होता. त्याच्यासोबत बाहेरगावचा एक कंपनीवाला फिरायचा. अंगात जाकीट, हातात मोठं रंगीत चित्र. चित्रात आमची पहाडी हिरवीगार होती आणि तिच्यावर सात पांढऱ्या चक्क्या. गावाला वीज स्वस्त मिळणार, पोरांना काम मिळणार, जमिनीचं दरसाल भाडं मिळणार. त्यासाठी फक्त पहाडीलगतच्या शेतकऱ्यांनी एका करारावर सह्या करायच्या होत्या. तीस वर्षं जमीन कंपनीकडे. चक्की लागो न लागो, तोवर पेरायची नाही, विकायची नाही. हे शेवटचं वाक्य बारीक अक्षरात होतं. ते मला नत्थूभाऊंनीच बोट ठेवून दाखवलं. बिलं वाचून वाचून त्यांना बारीक अक्षराची सवय होती.

सगळ्यांत खूश सदाशिवराव. ज्या बरडीला कोणी विचारत नव्हतं तिथंच पहिली चक्की उभी राहणार होती. टपरीवर आता तेच पवनचक्कीचे गुण गाऊ लागले.

"अन् ढगाचं काय, सदाशिवराव?" रामटेकेंनी डोळा मारत विचारलं.

"ढग आपली सोय पायतीन!"

आणि नत्थूभाऊ कोपऱ्यात चहाच्या ग्लासात पाहत बसलेले. वीस वर्षं जे त्यांनी ओरडून सांगितलं, ते आता आख्खं गाव बोलत होतं, आणि त्यांच्या ग्लासातला चहा गार होत होता.

पटांगणावर मोठी सभा ठरली. करारावर सह्या तिथंच व्हायच्या होत्या, आणि दोन शब्द बोलायला गावचे पवनचक्कीचे जाणकार म्हणून नत्थूभाऊंना मंचावर बोलावलं होतं. सभेच्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. ट्यूबलाइट चालू होती. त्यांनी ती तशीच राहू दिली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"मॅडम, सांगू का नको सांगू?"

मी शिक्षिका असले तरी शूर नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणून मी सुटका करून घेतली.

"मले वाटते, आज अशी हवा सुटाव, अशी सुटाव, का माही तीन वर्षाची वही खोटी पडाव." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पिंपळाचंसुद्धा पान हलत नव्हतं.

दुपारी चारला सभा सुरू झाली. हार झाले, घोषणा झाल्या, कंपनीवाल्यानं चित्र फिरवून दाखवलं. पहिल्या रांगेत सदाशिवराव नवा सदरा घालून, कराराचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. नत्थूभाऊ माइकसमोर उभे राहिले. खिशातून वही काढली.

"मी पवनचक्कीवाला माणूस आहो. गाव मले हासते, थेही बरोबर. पण तीन वर्षं झाले, मी आपल्या पहाडीवरची हवा मोजून राहिलो. ह्या वहीत आहे." त्यांनी वही वर धरली.  "आपल्या पहाडीवर चक्कीपुरती हवा नाही. चक्की उभी राहीन, फोटोत चांगली दिसन, पण फिरणार नाही. सदाशिव, तू त्या कागदावर सही नको करू."

 कंपनीवाला हसत पुढे आला. "काका, आमच्या तज्ज्ञांनी पूर्ण अभ्यास केलेला आहे."

"कुठं उभं राहून?"

"सॅटेलाइटवरून."

"म्हणजे तुम्ही वरून पाहिली. मी तिथं उभं राहून मोजली. तुमचा कागद दाखवा, मी माही वही दाखवतो. दोन्ही बाजूबाजूनं ठेवू."

कागद ऑफिसात होता. तो अशा वेळी ऑफिसातच असतो. मागच्या बाजूला फुकट युनिटवाल्याची माणसं उभी होती. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. नत्थूभाऊ तिकडे वळले.

"तुम्ही कायले वाजवून राहिले? पवनचक्की वाईट आहे असं नाही म्हणलो मी. जिथं हवा आहे तिथं लावाच. अन् फुकट युनिट बनते कायनं? कोळशानंच ना? थो कोळसा फुकट येते का? आज फुकट, अन् उद्या इंधन समायोजन..."

इथं लाईन गेली. माइक बंद पडला. बत्तीस वर्षांच्या सवयीनं नत्थूभाऊंची नजर वर तारेकडे गेली. मंचामागं जाऊन पाहतात तर सभेच्या माइकसाठी आणि पंख्यांसाठी आयोजकांनी थेट तारेवर आकडा टाकलेला. चोरीची वीज! त्यानंच फ्यूज उडाला होता.

"अरे, मीटर नाही का तुमच्याजवळ?" ते मंचामागून ओरडले, ते माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. "विजेच्या भावावर सभा घेऊन राहिले, अन् वीज चोरून राहिले!"

सभा तिथं संपली. पहिल्यांदा बाया हसल्या, मग सगळं पटांगण. उमेदवार घाम पुसत गाडीत बसला.

हसून झाल्यावर मात्र लोक रागावले. हसण्यानं मोडलेलं स्वप्न भरून येत नाही. पुढचे तीन आठवडे टपरीवर नत्थूभाऊ बसले की बाक रिकामा होई. कोळसेवाल्यांनी यांना पैसे चारले, अशी आवई कोणीतरी उठवली. ती त्यांना फार लागली. "मॅडम, कोळसेवाल्यानं मले चहा बी नाही पाजला कधी," ते खरोखरच्या दुःखानं म्हणाले. सदाशिवराव तर समोरून येताना दिसले की रस्ता बदलत. यमुनाबाईंनी नवऱ्याची बाजू घेतली, पण आपल्या पद्धतीनं. "तीन वर्षं पहाडी चढले, माह्या वाट्या फोडल्या, अन् आता म्हणतात हवा नाही. मले पुसले असते तं पयल्याच दिवशी सांगतली असती. धुतलेले लुगडे सांजपर्यंत दोरीवर हालत नाहीत माह्ये."

कंपनीवाला पुन्हा गावात दिसला नाही. निवडून कोण आलं हे गावाला आठवतं. त्यानंतर कोणाचं बिल कमी आलं, हे कोणाला आठवत नाही. कराराचा कागद सदाशिवरावांनी बरेच दिवस खिशात घडी घालून ठेवला होता. सही त्यांनी केली नव्हती. त्या खरिपात बरडीवर पुन्हा तूर पेरली.

पौष महिन्यात एका सकाळी सदाशिवराव टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन आले, नत्थूभाऊ समोर बसलेले असताना त्यांच्याकडे न पाहता टोपलं यमुनाबाईंपुढं ठेवलं. "पहाडीवरच्या आहेत," एवढंच म्हणाले. यमुनाबाईंनी शेंगा मीठ घालून उकडल्या. दोघं ओट्यावर बसून सोलत राहिले. अर्ध्या तासानं भिंतीपलीकडून मला आवाज आला, "पण ढग पळवते हे तं तुले मानाच लागन," आणि मी समजले, सगळं ठीक झालं.

वारा मोजणं नत्थूभाऊंनी त्यानंतरही सोडलं नाही. मी विचारलं, "आता कशाला चढता पहाडी?" तर म्हणाले, "येकाएकी जाणं बंद केलं तं हवेले वाटन, हा मतलबासाठी येत होता." चेहरा अगदी गंभीर. ते थट्टा करत होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. मधल्या काळात त्यांनी शाळेच्या मागं लागून छतावर सोलरच्या पाट्या मात्र बसवून घेतल्या. त्याआधी चार महिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर रोज उन्हाचे आकडे येऊन पडत होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मंजूर केलं नसतं तर त्यांनी माझीसुद्धा वही उघडली असती."

मी रिटायर होऊन भंडाऱ्याला राहायला आले. गेल्या हिवाळ्यात यमुनाबाईंचा फोन आला. नत्थूभाऊंना चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी गेले. "दवाखान्यातबी नर्सले म्हणे, दिवसा बत्ती कायले," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी फोनवर हसलो, मग रडलो.

मला मात्र ते आठवतात ते मी गाव सोडायच्या आधीच्या वैशाखातले. दुपारी मोठं वादळ होऊन गेलं होतं. मी स्कूटीवरून कोंढ्याहून येत होते. रस्त्यावर निंबाची मोठी फांदी तारेवर पडून तार तुटली होती आणि तिचं टोक रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्याजवळ लोंबत होतं. त्याच्या अलीकडे, हातात लांब बांबू आडवा धरून, नत्थूभाऊ उभे. ऑफिसात फोन करून झाला होता. माणसं येईस्तोवर ते कोणाला पुढे जाऊ देत नव्हते. दोन्हीकडे गाड्या, बैलबंड्या, सायकली थांबलेल्या. एक मोटारसायकलवाला घाईत होता. त्याला म्हणाले, "तुले घाई आहे, तारेले नाही. थे वाट पाहून राहिली तुही." तो उतरून उभा राहिला. मीही राहिले. दोन तास तो माणूस तिथून हलला नाही. कोणी पाणी आणून दिलं, ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं.

मग वीज कंपनीची दोघं जणं मोटारसायकलवर आली. खांबावर चढायला निघाली ती एक तरुण बाई होती. पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा. लाईन बंद केल्याची खात्री करून ती सरसर वर गेली. नत्थूभाऊ खालून सुरू झाले.

"पट्टा लावला का बाई? डावीकडची पकड पाह्य... नाही, थे नाही, वरची... आधी जंपरची तार सोड!"

तिनं वरून खाली पाहिलं. "काका, तुम्ही होते का खांबावर?"

"बत्तीस वर्षं!"

"मंग तुमाले माहीत असन. खालून कोणी बोलत राहिलं तं वरच्याले किती तरास होते."

थांबलेले सगळे लोक हसले. मला वाटलं, आता नत्थूभाऊ काहीतरी खरमरीत बोलणार. पण ते लहान पोरासारखे लाजले. "बरोबर आहे," म्हणाले, आणि चार पावलं मागं सरकून, दोन्ही हात पाठीमागं बांधून गप्प उभे राहिले.

तार जोडून ती खाली येईपर्यंत त्यांनी खरोखर एक शब्द काढला नाही. रस्ता मोकळा झाला, गाड्या निघाल्या. मी स्कूटी सुरू करून वळून पाहिलं. तिच्या हातातली अवजारांची जड थैली त्यांनी आपल्याकडे घेतली होती, आणि ते तिच्यामागून मोटारसायकलपर्यंत चालत निघाले होते.